राधागोविंद चंद्र यांच्या नोंदी

‘शाळेत पाया पक्का झाला नसेल, तर तारांगणाची सहल किंवा आकाशदर्शन ही निव्वळ करमणूक ठरते’ हे वरच्या प्रतिसादातील मत मला अर्धेच पटते. एका रात्रीच्या कार्यक्रमापुरते ते खरे आहे. शनीची कडी पाहून हरखलेले आपण बहुतेक जण पुन्हा दुर्बिणीकडे फिरकत नाही (मीही त्यांतलाच). परंतु आज बांगलादेशात असलेल्या जेसोर येथील राधागोविंद चंद्र यांचे उदाहरण या चर्चेत यायला हवे होते. मॅट्रिकच्या परीक्षेत वारंवार अनुत्तीर्ण झालेले हे गृहस्थ सरकारी कोषागारात नोकरी करत आणि रात्री आकाशाचे निरीक्षण करत. १९१८ साली गरुड तारकासमूहात प्रकटलेला नवतारा (अचानक कैक पटींनी तेजस्वी होणारा तारा) त्यांनी स्वतंत्रपणे टिपला. पुढे रूपविकारी, म्हणजे ज्यांची तेजस्विता बदलत राहते अशा ताऱ्यांच्या नोंदी जमवणाऱ्या अमेरिकेतील निरीक्षकांच्या संघटनेशी ते जोडले गेले, संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली आणि त्यांनी ३७ हजारांहून अधिक नोंदी तिकडे कळवल्या.

या कामाला पदवी लागत नाही. शेजारच्या, तेजस्विता ठाऊक असलेल्या ताऱ्यांशी तुलना करून रूपविकारी ताऱ्याच्या तेजस्वितेचा अंदाज मांडायचा आणि वेळेसह लिहून ठेवायचा, एवढेच असते. पण व्यावसायिक वेधशाळांना प्रत्येक ताऱ्यावर रोज नजर ठेवणे शक्य नसल्यामुळे अशा नोंदींना खरे मोल येते. त्यामुळे आपल्याकडील आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत उणीव असलीच, तर ती श्रोत्यांच्या शालेय पायाची नसून, दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाती नोंदवही न देण्याची आहे, असे मला वाटते.