मदत हवी आहे: श्रवणयंत्र वापरणाऱ्या आईला शर्यतीला न्यायचंय

नमस्कार. माझा भाचा (वय 17) नॉर्थ कॅरोलायनात हिकरी मोटर स्पीडवेवर लेट मॉडेल स्टॉक कार (छोट्या ट्रॅकवरच्या शर्यतींची गाडी) चालवतो. ट्रॅक अर्ध्या मैलाहूनही छोटा, त्यामुळे इंजिनांचा आवाज स्टँडवर थेट अंगावर येतो. पुण्याहून आलेल्या माझ्या आईला नातवाची शर्यत तिथेच बसून बघायची आहे आणि उंचावरून त्याला रेडिओवर वाट सांगणाऱ्या स्पॉटरचं बोलणंही ऐकायचंय. खरी रंगत त्यातच आहे! बाजूला गाडी आहे की मोकळं, एवढ्या शब्दावर पोरगं वळणात शिरतं.

आई कानामागचं श्रवणयंत्र लावते. ते चालू ठेवून वर इअरमफ घातले की शिट्टी वाजते. यंत्र काढून फोमचे बोळे घातले तर गोंगाट सोसतो, पण स्पॉटर ऐकू येत नाही. स्कॅनर (टीमचं रेडिओवरचं बोलणं ऐकायचा रिसीव्हर) आहे, टीमची फ्रिक्वेन्सीही आहे; स्कॅनरला ब्लूटूथ नाही. ऑडिओलॉजिस्टची वेळ शर्यतीनंतरची मिळालीये. घरी मोबाइलवर बघायला आई अजिबात तयार नाही.

यंत्र काढून, कान पूर्ण झाकणारा स्कॅनर हेडसेट कुणी घरच्या ज्येष्ठांना लावून पाहिलाय का? दोन्ही कानांचा आवाज वेगवेगळा ठेवता येईल असा कोणता घ्यावा, आणि तिची उरलेली श्रवणशक्ती जपायची तर आवाज किती वाढवलेला चालेल?