मदत हवी आहे: शिडाच्या होडीवरील आउटबोर्ड मोटारची उंची आणि सुकाणूशी जोडणी

नमस्कार.

मी भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात, गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्याच्या काठी राहतो. दोन वर्षांपूर्वी मी मुंबईहून १५ फूट लांबीची, फायबरची, एका शिडाची जुनी होडी आणली. वारा पडल्यावर काठाला येता यावे म्हणून तिच्या मागच्या फळीवर ४ अश्वशक्तीची आउटबोर्ड मोटार (होडीच्या मागे बाहेरून टांगायचे, खाली पाण्यात फिरणारा पंखा असलेले इंजिन) बसवली आहे; ती आखूड दांड्याची, म्हणजे पकडीपासून पंख्यापर्यंतचा भाग आखूड असलेली आहे. आमच्याकडचे ढिवर (मासेमार) बांधव डोंगा (लहान लाकडी होडी) उत्तम चालवतात आणि या पाण्याची त्यांची जाण माझ्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. परंतु शीड आणि मोटार एकत्र असलेली दुसरी होडी माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे हा प्रश्न येथे मांडत आहे.

पहिली अडचण उंचीची आहे. मी आणि माझे धाकटे बंधू दोघेही मागे बसलेलो असतो तेव्हा मोटार व्यवस्थित चालते. परंतु शीड उतरवण्यासाठी बंधू डोलकाठीपाशी गेले की होडीचा पुढचा भाग दबतो, मागचा भाग उचलला जातो, पंखा हवा ओढू लागतो आणि मोटारचा आवाज एकदम चढूनही होडी जागची हलत नाही. गेल्या महिन्यात नेमके असे झाले तेव्हा वारा बाजूने होता आणि आम्ही पाण्याखाली उभ्या असलेल्या जुन्या झाडांच्या खोडांकडे ढकलले गेलो. वल्ही हाताशी होती म्हणून वाचलो. त्या वेळी मोटारच्या मागून पडणारी थंडाव्याच्या पाण्याची धारही बंद पडली होती, हे मला अधिक काळजीचे वाटते.

दुसरी अडचण वळवण्याची आहे. सुकाणू फळीच्या मध्यभागी असल्यामुळे मोटार डाव्या बाजूला, सुकाणूच्या बिजागरीपासून ११ इंचांवर बसवावी लागली. एका हातात सुकाणूचा दांडा आणि दुसऱ्या हातात मोटार वळवण्याचा दांडा धरला की शिडाची दोरी धरायला हात उरत नाही. घाईत दोन्ही दांडे परस्परविरुद्ध वळले गेल्यामुळे पंख्याने सुकाणूच्या पात्याला दोन ठिकाणी खाचा पाडल्या आहेत. वळवण्याचे हे दोन्ही दांडे एका सळईने जोडावेत काय? आणि लांब दांड्याची मोटार घेणे भाग आहे, की आहे तीच खाली घेता येईल? ट्रॅक्टरची कामे करणारा एक चांगला वेल्डर आमच्या गावात आहे. जे करायचे ते त्याच्या हातून होण्यासारखे असावे.

प्रतिसाद (अलिबागहून)

नमस्कार सर. मोटार बदलण्यापूर्वी कृपया तीन मापे घ्यावीत. फळीच्या वरच्या कडेपासून होडीच्या तळापर्यंतचे अंतर; दोघे मागे बसले असताना त्याच कडेपासून पाण्यापर्यंतचे अंतर; आणि एक जण डोलकाठीपाशी उभा असताना पुन्हा तेच अंतर. होडी घाटाला बांधून, पाणी स्थिर असताना, फळीवर सुताराच्या पेन्सिलने खुणा कराव्यात. मासेमारीच्या यांत्रिक होडीसाठी तळाचे माप पुरते, कारण तिचा मागचा भाग पाण्यात बसलेला असतो. शिडाच्या होडीचा तळ मागे उचललेला असल्यामुळे तिच्या बाबतीत पाण्याची रेषाच खरी.

धागाकर्ता

आज मापे घेतली. तळापर्यंत १७ इंच. दोघे मागे असताना पाण्यापर्यंत १४ इंच. बंधू पुढे गेल्यावर साडेसतरा इंच, म्हणजे तळाची कड पाण्याच्या किंचित वर येते. मोटारच्या पकडीपासून पंख्यावरच्या आडव्या पट्टीपर्यंत १५ इंच भरले.

प्रतिसाद (अलिबागहून)

आपल्या आकड्यांतच उत्तर आहे. पंख्यावरच्या त्या पट्टीला मेकॅनिक लोक कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, परंतु तिचे खरे काम वरची हवा पंख्यापर्यंत येऊ न देण्याचे आहे आणि ती पाण्याखाली असेल तरच ते होते. आपली पट्टी दोघे मागे असताना जेमतेम १ इंच बुडते आणि एक जण पुढे गेला की अडीच इंच पाण्याबाहेर येते. त्यातच मोटार मध्यापासून ११ इंच डावीकडे असल्यामुळे होडी उजवीकडे १५ अंश कलली तर ती आणखी सुमारे ३ इंच उचलली जाते. थंडाव्याचे पाणी आत घेणारी छिद्रे पट्टीच्या खाली असतात. ती हवा ओढू लागली की आतला रबरी इम्पेलर (पाणी खेचणारे पात्यांचे चाक) कोरडा फिरून थोड्याच वेळात खराब होतो. धार बंद दिसताच मोटार बंद करावी, मग किनारा कितीही जवळ असो.

लांब दांड्याची मोटार घेण्याची गरज नाही. लांब दांडा २० इंचांचा असतो, म्हणजे आपल्यापेक्षा ५ इंच अधिक. तेवढीच मोटार खाली घेतली की काम होते. फळीच्या मागे ब्रॅकेट लावून त्यावर लाकडी ठोकळा असा बसवावा की त्याची वरची कड फळीच्या कडेपेक्षा ५ इंच खाली येईल. मग पट्टी दोघे मागे असताना ६ इंच आणि एक पुढे असताना अडीच इंच बुडालेली राहील. याहून खाली नेऊ नये; मोटारचे डोके पाण्याच्या फार जवळ आले तर लाटांचे पाणी त्यावर उडते. शिडावर जाताना एवढा खोल पंखा पाणी अडवील, म्हणून मोटार वर उचलून ठेवण्याची सवय करावी. आणखी एक लहानशी परंतु उपयोगी गोष्ट: शीड उतरवायला जाणाऱ्याने डाव्या बाजूने पुढे जावे, म्हणजे त्याच्या वजनाने मोटारची बाजू दबलेली राहते.

ठोकळा सागाचा, दीड ते दोन इंच जाडीचा असावा. बोल्ट आरपार घालून आतून धातूची पट्टी द्यावी, कारण नुसत्या फायबरवर नट आवळले की ते चिरडते. मोटारचे पकड-स्क्रू हादऱ्यांनी सैल होतात, म्हणून तिला साखळीने किंवा जाड दोरीने होडीला वेगळे बांधावे.

दांडे अवश्य जोडावेत. शांत पाण्यात हळू जाताना सुकाणूला पाण्याचा पुरेसा जोर मिळत नाही आणि होडी मोटार वळवल्यानेच वळते, परंतु वेग आला की दोन्हींची मदत होते. दोन्ही दांड्यांवर बिजागरीपासून सारख्याच अंतरावर, समजा ८ इंचांवर, छिद्र घ्यावे आणि त्यांना ११ इंचांच्या सळईने जोडावे. बिजागऱ्यांमधील अंतर आणि सळईची लांबी समान असल्यामुळे समांतरभुज चौकोन तयार होतो, पाते आणि पंखा नेहमी एकाच कोनात वळतात, आणि खाचा पडण्याचा प्रश्नच मिटतो. सळईच्या टोकांना आटे असलेले बॉल जॉइंट लावावेत; ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात मिळतील. मोटारच्या बाजूची खीळ हाताने चटकन निघणारी असू द्यावी, कारण ती काढल्याशिवाय मोटार वर उचलता येणार नाही. मोटारचा स्टिअरिंग घट्ट करण्याचा स्क्रू मात्र सैल ठेवावा.

धागाकर्ता

आपले मनापासून आभार. एक शंका आहे. या पाण्यात बुडालेली खोडे पुष्कळ आहेत. सध्या पंखा खोडावर आदळला की मोटार आपोआप वर उसळते. सळई जोडल्यावर ती उसळू शकली नाही तर सळई वाकेल किंवा फळीच फाटेल, अशी भीती वाटते.

प्रतिसाद (अलिबागहून)

शंका अगदी योग्य आहे आणि ती मीच आधी सांगायला हवी होती. मोटारच्या बाजूला पोलादी खिळीऐवजी नायलॉनची खीळ घालावी. जोराचा झटका बसला की ती तुटेल आणि मोटार मोकळी होईल. पंख्याच्या आसातील शिअर पिनही (झटका बसताच तुटणारी खीळ) याच हेतूने मऊ धातूची असते. तिच्या जागी खिळा किंवा पोलादी तुकडा कधीही घालू नये, अन्यथा आतले गिअर तुटतात. दोन्ही प्रकारच्या दोन-दोन पिना आणि पक्कड होडीत बांधून ठेवावी.

धागाकर्ता

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. ठोकळा आणि सळई दोन्ही बसवली. पहिल्याच दिवशी बंधू पुढे उभे असताना, आडव्या वाऱ्यात, मोटारचा आवाज जराही बदलला नाही आणि पाण्याची धार अखंड पडत राहिली. ते पाहून मला किती हायसे वाटले हे शब्दांत सांगणे कठीण आहे. आता एकच त्रास उरला आहे. संथ पाण्यात दांडा सोडला की होडी सतत उजवीकडे ओढते.

प्रतिसाद (अलिबागहून)

मोटार डावीकडून ढकलते, त्यामुळे होडीचे तोंड उजवीकडे वळणारच. सळईची लांबी आटे फिरवून अर्धा इंच कमी करावी. तेवढ्याने मोटारचा दांडा सुकाणूकडे किंचित झुकेल, पंखा पात्यापासून थोडा दूर जाईल आणि ढकलण्याची दिशा होडीच्या मध्याकडे वळेल. ओढ राहिलीच तर आणखी पाव इंच कमी करून पाहावे. मागे जाताना मात्र वेग अगदी कमी ठेवून दांडा घट्ट धरावा, कारण उलट येणारे पाणी पात्याला एका बाजूला जोराने फेकते आणि आता त्याच्यासोबत मोटारही वळेल.

धागाकर्ता

पाऊण इंच कमी केल्यावर होडी सरळ चालू लागली. उलट गिअरची सूचना बंधूंना वाचून दाखवली आहे. पावसाळ्यात धरणाच्या ३३ दरवाजांपैकी काही उघडले की आम्ही होडी पाण्यात घालत नाही, त्यामुळे यापुढची चाचणी आता दिवाळीनंतरच होईल. तेव्हा फळीवरच्या बोल्टांची स्थिती तपासून येथे कळवीन.