‘काडीचा फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यांना निफाडहून उत्तर

निफाडचा शेतकरी

कॉलेजरोडकर यांची परवाची पोस्ट डोक्यातून जात नाहीये. ज्यांची वाचायची राहिली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २०२५ च्या जूनमध्ये इराण-इस्राईलची लढाई १२ दिवस चालली, लोक रात्र रात्र टीव्हीसमोर बसले, आणि पंपावरचं पेट्रोल एका पैशानंही हललं नाही. तेव्हा युद्ध असो की निवडणूक, नाशिककराच्या रोजच्या जगण्यात काडीचा फरक पडत नाही. बातम्या बंद करा आणि शांत झोपा. खाली ‘अगदी खरं’ म्हणणाऱ्यांची रांग लागलेली.

साहेब, ७ डिसेंबर २०२३ च्या रात्री मीही शांत झोपलो होतो. ट्रॉलीत ३० क्विंटल लाल कांदा भरून ठेवला होता. पहाटे चारला उठून बाजार समितीत नंबर लावला. साडेआठला पुढच्या ट्रॅक्टरवाल्याचा फोन वाजला, त्याचा चेहरा उतरला आणि पाच मिनिटांत अख्ख्या आवारात एकच शब्द फिरला: निर्यातबंदी. रात्रीतून आदेश निघाला होता. लिलाव बंद पडले, चांदवडला हायवे अडवला. बुधवारी शेजाऱ्याचा कांदा ३,४०० रुपये क्विंटलनं गेला होता, शेत एकच, बी एकच. माझी ट्रॉली घरी परत आली. लाल कांद्याला उन्हाळ कांद्यासारखा टिकाव नसतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तिसऱ्या दिवशी ढिगात कोपरापर्यंत हात घातला तर खालचा थर गरम लागला आणि बोटांना पाणी. निवडून निवडून जो उरला तो १,९०० नं दिला.

हे आभाळातून पडलं नव्हतं. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याखालच्या भावानं माल बाहेर पाठवायचा नाही), डिसेंबरात थेट बंदी. समोर लोकसभा होती आणि शहरातल्या मतदाराच्या डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नव्हतं. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही ५५० डॉलर आणि ४० टक्क्यांचं ओझं ठेवून. दिंडोरी आणि नाशिकचं मतदान २० मेला होतं. तारखा शेजारी शेजारी लिहून बघा.

त्याच हंगामात येमेनच्या हुती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. आमची रॉटरडॅमला जाणारी द्राक्षं सुएझ कालवा सोडून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून निघाली. पंधरा दिवस जास्त, कंटेनरचं भाडं वेगळं. देठ हिरवा राहिला पाहिजे, मणी गळायला नको. ही जोखीम निर्यातदारानं स्वतःच्या डोक्यावर घेतली नाही, बांधावर येऊन किलोमागे आमच्याकडून कापली. पंपावर पेट्रोल हललं नसेल, साहेब. माझं घर हललं.

कॉलेजरोडकर

दादा, तुमचं नुकसान झालं त्याचं वाईट वाटतं. मनापासून. पण ‘शहरातल्या मतदाराच्या डोळ्यात पाणी’ हे असं लिहिता जसं काही मी दिल्लीत बसून आदेश काढला! २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास गंगापूर रोडला आम्ही ८० रुपये किलोनं कांदा घेतला. गुपचूप घेतला, हायवे अडवला नाही.

आणि फरक पडतो म्हणता, तर एक सांगा. लोकसभेला दिंडोरीत भारती पवार केंद्रात मंत्री असून पडल्या, नाशिकला गोडसे पडले, सगळे म्हणाले कांद्यानं रडवलं. सहा महिन्यांत विधानसभा लागली. त्याच जिल्ह्यानं १५ पैकी १४ जागा महायुतीला दिल्या. कांद्याचा राग गेला कुठे? तुमचीच माणसं सहा महिन्यांत विसरतात, मग मतदानानं काय बदललं?

जाता जाता: नाशिक महापालिकेत मार्च २०२२ पासून प्रशासक होता. तीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवक नव्हते. नाशिकचा द्वारका चौक आधीही तुंबायचा, त्या काळातही तुंबतच राहिला. लोकप्रतिनिधी असल्या-नसल्याचा फरक मला तरी दिसला नाही.

अंबडचा वर्कशॉपवाला

द्वारकेचं नंतर बघू. युद्धाचा फरक पडत नाही म्हणणाऱ्यांनी माझं २०२२ चं खातं येऊन बघावं. युक्रेनवर हल्ला झाला आणि दोन महिन्यांत लोखंड असं चढलं, की जुन्या भावानं घेतलेली ऑर्डर पुरी करताना मी दर नगामागे पदरचे पैसे घालत होतो. चार पोरं कामाला आहेत, बंद ठेवून चालत नाही. २२ मेला सरकारनं स्टीलवर १५ टक्के निर्यात शुल्क लावलं तेव्हा भाव खाली आला आणि आम्ही तरलो.

म्हणून शेतकरी दादांना कडू लागेल ते सांगतो. निर्यातीवर शुल्क लावणं म्हणजे पापच, असं नाही. तुम्ही विकणारे आहात, मी घेणारा. देशातलं आधी देशात राहिलं पाहिजे.

निफाडचा शेतकरी

वर्कशॉपवाले भाऊ, ते स्टीलचं शुल्क नोव्हेंबरात काढलं. सहा महिन्यांत. कारखानदाराचं लोखंड गोदामात सहा महिने पडलं तर सडत नाही. माझ्या कांद्यावरचं शुल्क ऑगस्ट २०२३ ला बसलं ते पुरतं गेलं १ एप्रिल २०२५ ला. वीस महिने मोजा!

पिंपळगावचा व्यापारी

वीस महिने सगळे मोजतात, त्यानंतर काय झालं ते कोणी लिहीत नाही. शुल्क गेलं, मग भाव का उठला नाही? २०२५ मध्ये शुल्क गेल्यावरही पंधराशेच्या आसपासच फिरत राहिला. उत्तर मी देतो, कारण गिऱ्हाइकाला तोंड मी देतो. आम्ही दार लावलं तेव्हा आखातातल्या आणि श्रीलंकेच्या खरेदीदारांनी पाकिस्तान, इजिप्त, चीनचा माल धरला. बांगलादेशानं स्वतःचं क्षेत्र वाढवलं. वीस वर्षं जो माणूस एका फोनवर माल उचलायचा, तो आता म्हणतो, शेठ, तुमचं सरकार उद्या काय करेल सांगता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्ता उलटली तेव्हा माझ्या गाड्या सीमेवर उभ्या होत्या. ड्रायव्हर रोज फोन करायचा, शेठ, वास सुटलाय. ते नुकसान मी कोणाच्या बांधावर जाऊन कापलं नाही.

आणि ‘व्यापाऱ्यानं लुटलं’ हे प्रत्येक भाषणात ऐकून कान किटले. भाव पडला की आम्ही चोर, भाव चढला की आम्ही साठेबाज.

निफाडचा शेतकरी

शेठ, तुमच्या गाडीतला कांदा तुम्ही आमच्याकडून किती पाडून घेतला होता ते मला माहीत आहे, तेव्हा राहू द्या. गिऱ्हाईक तुटल्याचं मात्र खरं बोललात.

कॉलेजरोडकरांच्या प्रश्नाकडे येतो. मतदानानं काय बदललं? दिंडोरी गेली म्हणूनच १३ सप्टेंबर २०२४ ला किमान निर्यात मूल्य काढलं आणि ४० चं शुल्क २० वर आणलं. विधानसभा दोन महिन्यांवर होती. लोकसभेला गप्प बसलो असतो तर तेवढंही मिळालं नसतं. आणि राग गेला कुठे विचारता, तर तो पंधराशे रुपयांत गेला. ऑगस्टपासून लाडक्या बहिणीचे हप्ते सुरू झाले. घराघरात पैसे आले, कांदा मागे पडला. आमचं दुहेरी नुकसान झालं, कारण तेव्हापासून बाया कामाला यायला तयार नाहीत. कांदा लागणीला टोळी मिळत नाही, द्राक्षाच्या थिनिंगला, म्हणजे मणी विरळायला, फोन करून करून थकलो. घरबसल्या पैसे मिळाल्यावर कोण वाकणार?

सुरगाण्याची लेक

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा आणि मला सांगा, तुमच्या घरातल्या बाईबद्दल असं लिहिलं असतं का?

पंधराशे भागिले तीस, दिवसाला ५० रुपये. त्यात घरबसल्या कोण जगतं? माझी आई सोळा वर्षं तुमच्याच तालुक्यात येतेय. पहाटे पाचला पिकअप. मागे तीस बाया उभ्या, धरायला फक्त साखळी, घाटात वळण आलं की एकमेकींच्या अंगावर. द्राक्षाचे घड मगात बुडवायचे, हात दिवसभर वर आणि औषध कोपरावरून काखेत उतरतं. छाटणीनंतर काडीला डोळे फुटायची पेस्ट लावायची तेव्हा हातमोजे एका वर्षी मिळाले, एका वर्षी नाही. बोटांची सालं निघाली की आठ दिवस तिला भाकरी थापता येत नव्हती, मी थापायचे. मी तेव्हा सातवीत होते.

पैसे आल्यापासून आई कामाला जायची थांबली नाही. ती एवढंच करते, की ज्या बागेत मजुरी पंधरा पंधरा दिवस लटकवतात तिथे जात नाही. आधी ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती, आता घरात मीठ-तेलापुरते आहेत म्हणून म्हणते. तुमची जी अडचण आहे ती तिच्या नकाराची आहे.

निफाडचा शेतकरी

ताई, सगळे शेतकरी एका मापानं मोजू नका. मी मजुरी त्याच संध्याकाळी देतो, गावात कोणालाही विचारा. पण कांद्याला हजार-बाराशे भाव असताना लागणीचं उक्तं (एकरावारी ठरवलेली मजुरी) एकरी १२ हजारावर गेलं, ते मी आणू कुठून? २०२५ च्या मे महिन्यात तो पाऊस झाला, शेतातला कांदा शेतात नासला, काढणीची मजुरी तर द्यावीच लागली. मी काय हवेली बांधून बसलोय?

सुरगाण्याची लेक

तुमचा भाव पडला हे वर सगळं वाचलं आणि पटलंही. पण त्याची वसुली तुम्ही खालच्या माणसाकडे करता. निर्यातदारानं तुमच्याकडून किलोमागे कापले म्हणून तुम्हाला एवढा राग आला ना? तुम्ही आता तेच लिहिलंत.

सिडकोतली गृहिणी

या ताईंच्या बाजूनं आहे मी, आणि एक भर घालते, कारण सगळे कांद्यावरच अडलेत. सप्टेंबर २०२४ मध्ये ज्या दोन दिवसांत कांद्याची बंधनं सैल केली त्याच दोन दिवसांत खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या खाद्यतेलावर साडेपाच टक्क्यांचं साडेसत्तावीस झालं. सोयाबीनवाल्यांची मतं पाहिजे होती. मी दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेते, चकली आणि शेव. डब्यामागे चारशेच्या वर वाढले आणि गिऱ्हाइकांना भाव मी गणपतीतच सांगून बसलेले. त्या वर्षी दोन महिने तळणासमोर उभं राहून हातात काही उरलं नाही. पंधराशे आले ते त्याच तेलात गेले. मग २०२५ च्या एप्रिलमध्ये गॅस ५० नं वाढला. युक्रेन पेटलं तेव्हा सूर्यफुलाच्या तेलाचं काय झालं होतं ते तर विचारूच नका.

कॉलेजरोडकर, तुमच्या घरात किराण्याची यादी कोण करतं? त्यांना विचारा फरक पडतो का.

कॉलेजरोडकर

यादी बायको करते. विचारलं. जे उत्तर मिळालं ते इथे लिहीत नाही.

पण मला चारी बाजूंनी धरलंय म्हणून बोलतोच. मी ती पोस्ट मजेत लिहिली नव्हती. वडील ७८ वर्षांचे. ते १२ दिवस ते रात्री दोनपर्यंत चॅनेल बदलत बसले, बीपी वाढलं, आणि तिसऱ्या रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. पडद्यावर क्षेपणास्त्रं, लाल अक्षरं, ओरडणारी माणसं. त्यातलं एक अक्षर कांद्याबद्दल नव्हतं, तेलाच्या डब्याबद्दल नव्हतं, सुरगाण्याच्या पिकअपबद्दल तर नव्हतंच. मी ज्याला ‘बातम्या’ म्हणालो ते हे.

फरक पडत नाही हे वाक्य मागे घेतो. चॅनेल बंद करा हे घेत नाही.

पिंपळगावचा व्यापारी

हे आधीच लिहिलं असतं तर एवढं रामायण झालं नसतं. वडिलांना जपा.

अंबडचा वर्कशॉपवाला

माझा मुद्दा तसाच आहे, देशातलं आधी देशात. पण शुल्क लावायचंच असेल तर पेरणीच्या आधी जाहीर करा, लिलावाच्या सकाळी नको, एवढं शेतकरी दादांचं मान्य. माझ्याही ऑर्डरी सहा महिने आधीच्या असतात.

निफाडचा शेतकरी

सुरगाण्याच्या ताई, रात्री घरात हे सगळं वाचून दाखवलं. मंडळी म्हणाली, थिनिंगला बाया यायच्या तेव्हा चहा मी नेऊन द्यायचे, त्यांचे हात मी बघितलेत, तुम्ही बांधावर उभे असायचात. ‘कोण वाकणार’ हे लिहायला नको होतं. शब्द मागे घेतो. उक्त्याचा दर मला परवडत नाही हे मात्र मागे घेत नाही, ते खरं आहे.

ऑक्टोबर छाटणीनंतर पेस्टिंगला दहा-बारा बाया लागतील. हातमोजे मी आणतो. तुमच्या आईंना विचारून बघाल का?

सुरगाण्याची लेक

विचारते. तिचा पहिला प्रश्न मला माहीत आहे, म्हणून आधीच लिहिते. गाडीचं भाडं मजुरीतून कापणार का, आणि मागे बसायला फळी आहे का? तीस जणी कोंबणार असाल तर ती येणार नाही.