गोळी पोटात लागल्याची शंका असेल तर माग कधी धरावा?

रानगवत
परवान्याचा हंगाम सुरू होण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्यायची आहे. फुप्फुसात गोळी लागली की अर्धा तास थांबून निघायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. अडचण होते ती अशा वेळी: रायफलने साधारण 100 मीटरवरून बार झाला. हरणाने उडी मारली नाही. पाठ वर काढून, शेपटी दाबून ते संथ चालीने झाडीत शिरलं. जागेवर रक्त नाहीच म्हणा ना, थोडे पांढरट केस आणि हिरवट-तपकिरी ओल. अंधार पडायला तासभर आहे आणि रात्री पावसाची चिन्हं आहेत. लगेच निघावं की सकाळपर्यंत थांबावं? आणि माग मध्येच तुटला तर पुढे काय?

मागमूस
थांबा. पाठ वर काढून चालत जाणं, पोटाखालचे पांढरे केस आणि आंबूस वासाची हिरवट ओल, या तिन्ही खुणा एकत्र आल्या की गोळी पोटातून गेली असंच धरायचं. ओल बोटावर घेऊन वास घ्या, तो चुकत नाही.

असं हरीण मागे कोणी लागलं नाही तर फार लांब जात नाही. शे-दोनशे मीटरवर दाट आडोसा बघून बसतं, आणि पुष्कळदा बसल्या जागीच मरतं. पण जीव जायला तास लागतात. तुम्ही अर्ध्या तासात मागे गेलात तर ते उठतं आणि दोन-तीन किलोमीटर सहज जातं. वर माग राहत नाही, कारण आतली चरबी आणि आतडं छिद्रात येऊन ते बुजवतं. रक्त आत साचतं, बाहेर थेंब पडत नाही. म्हणून अशी हरणं हातची जातात ती बहुधा घाईमुळे.

वेळेचा अंदाज असा. दोन्ही फुप्फुसं किंवा हृदय: अर्धा तास. यकृत: चार तास तरी. पोट, आतडं: आठ ते बारा तास. म्हणजे तुमच्या उदाहरणात सकाळ. पाऊस येणार म्हणून घाई करू नका. पोटाच्या जखमेला रक्ताचा माग मुळातच तुटपुंजा असतो, पावसाने त्यातलं फारसं जात नाही. उठवलेलं हरीण मात्र गेलं ते गेलंच.

उरलेल्या उजेडात करायचं काम वेगळं आहे. बार टाकलेल्या जागी फीत बांधा. तिथून हरीण उभं होतं ती जागा आणि शेवटचं दिसलं ते झाड, दोन्हींची दिशा होकायंत्राने घेऊन लिहून ठेवा. झाडीच्या कडेपर्यंत जा, आत शिरू नका. खुणांचे जवळून फोटो काढा आणि आवाज न करता मागे फिरा.

खूरठसा
वरच्याशी सहमत, पण «थांबा» हा सगळ्याच जखमांचा नियम नाही. पाय तुटला असेल, म्हणजे जागेवर नळीच्या हाडाचे पांढरे टोकदार तुकडे किंवा हाडातला मगज दिसला, तर बसून राहिल्याने हरीण मरत नाही. रक्त गोठतं आणि ते सावरतं. तिथे बरेच अनुभवी लोक लवकर निघून, माग न सोडता, दुसऱ्या गोळीची संधी शोधतात. बरगडीच्या हाडाचा तुकडा चपटा असतो, तो वेगळा ओळखता आला पाहिजे.

रक्ताचा रंग नीट वाचा. गुलाबी आणि बारीक बुडबुड्यांचं: फुप्फुस. दाट, काळपट लाल: यकृत. लख्ख लाल पण बुडबुडे नाहीत, सुरुवातीला भरपूर आणि मग आटत गेलेलं: नुसतं मांस. हा शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त फसवतो, कारण पहिले पन्नास मीटर बघून वाटतं की हरीण पुढच्याच झुडपामागे पडलेलं असेल.

आणखी एक फसवी जखम म्हणजे एकच फुप्फुस. मचाणावरून अगदी खाली, तिरका बार गेला की हे होतं. रक्त गुलाबी दिसतं, पण दुसऱ्या फुप्फुसावर हरीण बराच काळ चालत राहतं. वरून खाली तिरका बार असेल तर अर्ध्या तासाचा हिशेब विसरा, चार-सहा तास द्या. आणि बार होताच जागच्या जागी कोसळलेल्या हरणावर लगेच विश्वास ठेवू नका. गोळी मणक्याच्या वरच्या काट्याला चाटून गेली तर ते मिनिटभरात उठून पळतं. बंदूक भरून, नेम धरून थांबा.

रानगवत
हे फार उपयोगी आहे. आता सकाळ झाली, मागावर निघालो आणि तीस-चाळीस मीटरवर खुणा संपल्या, तर?

मागमूस
शेवटच्या खुणेवर एक माणूस उभा करा. दुसरी नक्की सापडेपर्यंत त्याने हलायचं नाही. मागाच्या बाजूने चाला, मागावरून नाही. तुडवलेली खूण परत मिळत नाही. दोघांपेक्षा जास्त माणसं नकोत.

फक्त जमीन बघू नका. हरणाच्या पोटाच्या उंचीला गवताची पाती आणि पानांची खालची बाजू तपासा, पोटाच्या जखमेचं रक्त तिथे पुसलेलं मिळतं. दोन्ही बाजूंना पुसलेलं असेल तर गोळी आरपार गेली आहे. चालत्या हरणाचा थेंब पडला की त्याचे शिंतोडे पुढच्या दिशेला निघतात, त्यावरून रोख कळतो. गोल थेंबांचा पुंजका म्हणजे ते तिथे उभं राहिलं होतं, बहुधा मागे वळून बघत. तिथून पुष्कळदा दिशा बदललेली असते.

तांबूस ठिपक्यांच्या पानांवर शंका आली तर 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा फवारा मारा. रक्त असेल तर पांढरा फेस येतो.

तरीही काही नाही, तर शेवटच्या खुणेभोवती वीस, मग चाळीस मीटरचे फेरे घ्या. मग पट्टे पाडून शोध, आणि दाट झुडपं व पाणवठे आधी. पोटात लागलेलं हरीण वारंवार पाण्याकडे वळतं. शेजारच्याच्या जमिनीत माग गेला तर परवानगी घेऊनच पाऊल टाका.

खूरठसा
फेरे घेण्याआधी कुत्रा मिळतो का ते बघा. क्रम इथेच चुकतो: आधी पाच-सहा जण रान तुडवतात, बुटांना लागलेलं रक्त सगळीकडे पसरवतात आणि मग कुत्रेवाल्याला फोन जातो. शिकवलेला डॅक्सहुंड किंवा बव्हेरियन माउंटन हाउंड रक्ताच्या थेंबावर अवलंबून नसतो. खुरांच्या बेचक्यातल्या ग्रंथींचा वास आणि जखमेचा वास धरून तो रात्रभराचा जुना मागही काढतो, हलक्या पावसानंतरसुद्धा. कुत्रा लांब पट्ट्यावरच हवा. काही ठिकाणी कायदाच तसा आहे, काही ठिकाणी कुत्र्याला परवानगीच नाही, तेव्हा हंगामाआधी नियम वाचा आणि कुत्रेवाल्याचा नंबर खिशात ठेवा.

सापडल्यावर थेट जवळ जाऊ नका. मागच्या बाजूने, शिंगं आणि खुरांपासून दूर राहून जा. मेलेल्या हरणाचे डोळे उघडे असतात. मिटलेले दिसले तर ते जिवंत आहे असं समजून लगेच दुसरी गोळी द्या. डोळे उघडे असले तरी लांब काठीने बुबुळाला स्पर्श करा, पापणी हलली नाही तरच हात लावा.

मांसाचं सांगतो, कारण रात्र थांबण्याची किंमत तिथे मोजावी लागते. रात्री पारा 4 अंशांच्या आसपास असेल तर बहुतेक मांस वाचतं. 10 च्या वर असेल तर मांड्यांच्या हाडालगत ते आधी बिघडतं, तिथे कापून वास बघा. पोट उघडताना फुटलेली ओझरी आणखी फाटू देऊ नका, घाण लागलेला भाग धुण्याऐवजी सुरीने जाडसर कापून टाका. पाण्याने घाण चांगल्या मांसावर पसरते.