सायमिंग्टन की जॉन्सन? १९६० च्या पर्यायी निवडणुकीतील सहउमेदवाराचा प्रश्न

प्रश्न – देवगडकर

पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागल्या की आमच्या गावच्या वाचनालयात संध्याकाळी पाच-सहा जण जमतात. यंदा आम्ही ‘असे घडले असते तर’ या धर्तीवर एकेक प्रकरण लिहीत आहोत आणि माझ्या वाट्याला १९६० ची अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक आली आहे. लॉस एंजेलिसच्या अधिवेशनात जॉन केनेडी पहिल्याच फेरीत ८०६ मते घेऊन डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार ठरतात, इथपर्यंत मी इतिहासाला हात लावलेला नाही. प्रत्यक्षात त्यांनी ४०९ मतांवर थांबलेले टेक्सासचे सिनेटर लिंडन जॉन्सन यांना सहउमेदवार, म्हणजे उपाध्यक्षपदाचे उमेदवार, केले; माझ्या कथेत मात्र ते जॉन्सन यांना विचारतच नाहीत आणि मिसुरीचे सिनेटर स्टुअर्ट सायमिंग्टन यांना घेतात. कामगार संघटनांच्या पुढाऱ्यांना जॉन्सन नको होते, तर हवाई दलाचे पहिले मंत्री राहिलेले सायमिंग्टन फारसे कोणाला खुपणारे नव्हते. त्यामुळे ही निवड मला अगदीच ओढूनताणून आणलेली वाटत नाही.

प्रत्यक्षात केनेडींना ३०३ निर्वाचक मते (राज्याराज्यांतून निवडून आलेले निर्वाचक अध्यक्षासाठी देतात ती मते) मिळाली आणि बहुमताला २६९ पुरेशी होती. जॉन्सन नसल्यामुळे टेक्सासची २४ मते गेली असे धरले तरी २७९ उरतात. म्हणून जॉन्सन यांच्यामुळेच केनेडी तरले, हे नेहमीचे विधान मला पटत नाही. माझ्या हिशेबात काही राहून गेले आहे का?

उत्तर – गुहागरचे मास्तर

देवगडकर, वजाबाकी बरोबर आहे, पण तुम्ही ती फार लवकर थांबवली आहे. जॉन्सन यांना घेतले ते केवळ टेक्सासपुरते नव्हे. केनेडी कॅथलिक होते, आणि प्रॉटेस्टंट बहुसंख्य असलेल्या दक्षिणेत ही अडचण इतकी मोठी होती की सप्टेंबरमध्ये ह्यूस्टनला धर्मोपदेशकांच्या सभेपुढे जाऊन त्यांना आपली बाजू मांडावी लागली. ऑक्टोबरमध्ये जॉन्सन खास आगगाडी घेऊन दक्षिणेतील गावोगावच्या स्थानकांवर भाषणे करत फिरले. ती गाडी तुमच्या कथेत सुटतच नाही.

आता मताधिक्ये पाहा. टेक्सासात ते सुमारे ४६ हजार होते, दक्षिण कॅरोलायनात दहा हजारांच्याही आत आणि उत्तर कॅरोलायनात ५८ हजारांच्या आसपास. टेक्सासबरोबर दक्षिण कॅरोलायनाची ८ मते गेली तर केनेडी २७१ वर येतात, म्हणजे जेमतेम वाचतात. उत्तर कॅरोलायनाची १४ मतेही गेली की ते २५७ वर घसरतात, रिपब्लिकन उमेदवार रिचर्ड निक्सन २६५ वर पोहोचतात आणि व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांना प्रत्यक्षात मिळालेली १५ मते तशीच राहतात. बहुमत कोणालाच नाही. मग बाराव्या घटनादुरुस्तीप्रमाणे अध्यक्षाची निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते, जिथे प्रत्येक राज्याला एकच मत असते आणि जिंकायला २६ राज्ये लागतात. उपाध्यक्ष सिनेट निवडते. म्हणजे केनेडी अधांतरी आणि सायमिंग्टन मात्र डेमोक्रॅटिक बहुमताच्या सिनेटमधून सहज उपाध्यक्ष, असा चमत्कारिक प्रसंग उभा राहतो. तुम्ही तो लिहीत का नाही?

उत्तर – वेंगुर्ल्याहून

मिसुरीची १३ मते केनेडींनी सायमिंग्टन सोबत नसतानाही मिळवली होती, जरी ती दहा हजारांहून कमी मताधिक्याने असली तरी. जे पदरात पडलेच होते त्यासाठी सहउमेदवाराची जागा कशाला खर्च करायची? मला या कथेत वॉशिंग्टन राज्याचे सिनेटर हेन्री जॅक्सन अधिक शोभले असते. ते राज्य निक्सन यांनी सुमारे तीस हजारांनी जिंकले होते आणि घरचा माणूस तेवढे अंतर तोडू शकला असता. अर्थात मास्तरांच्या २५७ मध्ये वॉशिंग्टनची ९ मते मिळवली तरी २६६ होतात, म्हणजे केनेडी तीन मतांनी अडकतातच.

देवगडकर

मास्तर, उत्तर कॅरोलायना मी इतक्या सहज सोडणार नाही. तिथले गव्हर्नरपदाचे उमेदवार टेरी सॅनफर्ड यांनी अधिवेशनातच जॉन्सन यांना डावलून केनेडींना पाठिंबा दिला होता आणि नोव्हेंबरमध्ये ते स्वतःही निवडून आले. त्यांच्या बळावर ते राज्य टिकेल असे मी धरतो. दक्षिण कॅरोलायना जाईल हे मात्र मान्य आहे. केनेडी २७१, निक्सन २५१, बर्ड १५.

गुहागरचे मास्तर

सॅनफर्ड यांचा मुद्दा मी मान्य करतो, तो माझ्या ध्यानात आला नव्हता. पण मग तुमच्या कथेत जॉन्सन कुठे आहेत? आपल्याकडे शिमग्यात पालखीला खांदा देण्याचा मान एका घराण्याला दिला म्हणून दुसरे घराणे घरी बसत नाही, ते सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवण्याच्या चौथऱ्यावर, येऊन उभे राहते. टेक्सासने १९५९ मध्ये कायदा बदलल्यामुळे जॉन्सन यांना एकाच वेळी उपाध्यक्षपद आणि सिनेट अशा दोन्ही निवडणुका लढवता आल्या आणि ते दोन्हीकडे जिंकले. तुमच्या कथेत ते फक्त सिनेटची जागा जिंकतात आणि बहुमताचे नेते म्हणून तिथेच राहतात. प्रत्यक्षात त्यांच्या रिकाम्या जागेवर १९६१ मध्ये रिपब्लिकन जॉन टॉवर निवडून आले, तेही मग घडत नाही. प्रतिनिधिगृहाचे सभापती सॅम रेबर्न टेक्सासचेच आणि जॉन्सन यांचे जुने पाठीराखे. केनेडींचे प्रत्येक विधेयक या दोघांच्या हातून जाणार आहे.

शिवाय २७१ म्हणजे तीन निर्वाचक फिरले की बहुमत गेले. हे केवळ कल्पनेतले नाही, कारण त्या वर्षी ओक्लाहोमाच्या एका रिपब्लिकन निर्वाचकाने निक्सन यांना सोडून खरोखरच बर्ड यांना मत दिले. त्या वेळच्या लुइझियाना आणि जॉर्जियात केनेडींचे मिळून २२ निर्वाचक होते आणि नागरी हक्कांच्या प्रश्नावरून दक्षिणेत या निर्वाचकांवर दबावही होता. निर्वाचकांनी मते दिली ती १९ डिसेंबरला. मतमोजणीची रात्र दोन परिच्छेदांत आटपा आणि पुढच्या सहा आठवड्यांत जॉन्सन कोणाकोणाला फोन करतात, किंवा मुद्दाम करत नाहीत, ते लिहा.

देवगडकर

सहाणेचा दृष्टान्त आज वाचनालयात सांगतो. आमच्या गावात त्यावरून अजून दोन वाड्या एकमेकींशी बोलत नाहीत, त्यामुळे मंडळींना निराळे समजावावे लागणार नाही. प्रकरण १९ डिसेंबरपासून नव्याने लिहायला घेतो.