शब्दचर्चा: डॉमिनेटिंग, बॉसी, कंट्रोलिंग यांना मराठीत काय म्हणावं?

ठाण्याहून:

स्त्रियांच्या एका मदतकेंद्रात मी आठवड्यातून दोन दिवस जाते. तिथला फॉर्म मुळात इंग्रजी, तो मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. एका प्रश्नापाशी गाडी अडली आहे. ‘जोडीदाराचं वागणं कसं आहे?’ आणि पुढे चौकटी: डॉमिनेटिंग, डॉमिनियरिंग, बॉसी, मॅनिप्युलेटिव्ह, कंट्रोलिंग. मी पहिल्या झटक्यात लिहून टाकलं: वर्चस्व गाजवणारा, हुकूम सोडणारा, नियंत्रण ठेवणारा. मग वाचून पाहिलं. ‘नियंत्रण ठेवणारा’ म्हटलं की मला धरणाचे दरवाजे उघडणारा कर्मचारी दिसतो, नवरा दिसत नाही.

मागच्या मंगळवारी एक बाई आल्या होत्या. म्हणाल्या, “मारत-बिरत नाही हो. पण भाजी आणली की पिशवी ओट्यावर ओतून बघतो. कोथिंबीर दहाची की पंधराची, वहीत लिहितो. एटीएमचं कार्ड त्याच्याच पाकिटात.” यांच्यासाठी खूण कुठल्या चौकटीत करू, आणि त्या चौकटीत मराठीत लिहू काय?

पुण्याहून:

पहिल्या दोन शब्दांची आधी फारकत करा. डॉमिनेट करणं ही शिवी नव्हे. कडा गावावर डॉमिनेट करतो, फलंदाज गोलंदाजीवर करतो. तिथे आपला ‘वरचष्मा’ चालतो, ‘वरचढ’ चालतो. डॉमिनियरिंग मात्र कौतुकाने कुणालाच म्हणत नाहीत. त्याला ‘अरेरावी’. शब्दातच तो ‘अरे’ ऐकू येतो बघा.

‘बॉसी’ची चौकट मी काढूनच टाकीन. हा शब्द बायकांना आणि मुलींनाच जास्त चिकटतो. वर्गात मुलगा कामं वाटून देतो तेव्हा तो लीडर, मुलगी देते तेव्हा ती बॉसी. आपल्याकडे तिला ‘मोठी आली सांगणारी’ म्हणतात, तेच. गंमत म्हणजे मूळ ‘बॉस’ हा डच ‘बास’वरून अमेरिकेत रुजला, कारण स्वतंत्र देशातल्या मजुराला मालकाला ‘मास्टर’ म्हणायची लाज वाटायची. मालक तोच राहिला, फक्त नाव बदललं.

नागपूरहून:

ताई, तुमचा घोळ विशेषणामुळे होतोय. इंग्रजी माणसाला लेबल लावतं, मराठी तो काय करतो ते सांगतं. डोक्यावर मिऱ्या वाटतो. बोटावर नाचवतो. नाकात वेसण घालतो. मुठीत ठेवतो. आणि ज्याच्यावर हे चालतं तो ताटाखालचं मांजर. चौकटीत विशेषण कशाला हवं? सरळ वाक्य लिहा.

(मांजर मात्र आपण नेहमी नवऱ्यालाच करतो. बायको ताटाखालचं मांजर झाली असं मी तरी ऐकलेलं नाही. तिचं तसं असणं कुणाला वेगळं वाटलंच नसावं.)

डोंबिवलीहून:

‘मुठीत ठेवतो’ यावर जरा थांबतो. मॅनिप्युलेटच्या पोटात नेमकी तीच मूठ आहे. लॅटिनमध्ये ‘मानुस’ म्हणजे हात, ‘मानिपुलुस’ म्हणजे मूठभर. मॅनेज हाही त्या हाताचाच नातेवाईक. तो इटालियनमधून आला, घोडा हाताळणं, त्याला चाल शिकवणं या अर्थाने. ऑफिसातल्या मॅनेजरला हे सांगू नका.

पण मला खरा धक्का बसला तो दुसऱ्याच जोडीने. डॉमिनेटच्या मागे लॅटिन ‘दोमिनुस’ आहे, म्हणजे धनी, आणि त्याच्या मागे ‘दोमुस’, म्हणजे घर. वैदिक संस्कृतात घराला ‘दम’ म्हणत. (हा दम वेगळा. जिना चढून लागतो तो दम फारसीतला, श्वासाचा.) त्या दमाचा पती तो दंपती, म्हणजे घरधनी. पुढे तोच शब्द नवराबायको या जोडीला लागला. आता ग्रीकमध्ये या. घराचा धनी या अर्थाचा जुना जोडशब्द तिथे ‘देस्पोतेस’ झाला, आणि इंग्रजीत त्याचा झाला ‘डेस्पॉट’, जुलमी हुकूमशहा. म्हणजे डेस्पॉट आणि दंपती हे एकाच शब्दाचे दोन वंशज! लग्नपत्रिकेवर आपण हौसेने ‘नवदांपत्यास शुभाशीर्वाद’ छापतो, त्यात केवढा इतिहास लपलाय.

इंग्रजी ‘डेंजर’सुद्धा याच घरातला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होता धन्याची सत्ता, त्याच्या तावडीत असणं. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये पोर्शिया अँटोनियोला विचारते की तू शायलॉकच्या ‘डेंजर’मध्ये आहेस ना, तेव्हा तिला ‘त्याच्या कचाट्यात’ असंच म्हणायचं असतं. धोका हा अर्थ त्या कचाट्यातूनच फुटला. सत्तेचे इतके शब्द राजवाड्यातून न येता घराच्या उंबऱ्यातून आलेत.

मडगावहून:

दोमिनुसची आणखी पिलं आमच्याकडे सापडतील. पोर्तुगीज राजांच्या नावाआधीचं ‘दोम’ तेच. रविवारचा ‘दोमिंगो’ तोच, प्रभूचा वार. तुमच्या मुंबईचा ‘डॉन’ही त्याच खानदानातला, आणि शाळेतल्या ‘मॅडम’ त्या घरच्या धनीणबाई.

सांगलीहून:

बुली राहिला. आज त्याला आपण दादागिरी करणारा म्हणतो. पण सोळाव्या शतकात बुली म्हणजे लाडका, जिवलग. तो डच ‘बूल’वरून आला, म्हणजे प्रियकर किंवा भाऊ, आणि त्याच्या मुळाशी बहुधा ‘भाऊ’च आहे. आता आपला दादा बघा, मुंबईचा भाई बघा. हे दोन समाज एकमेकांना न विचारता भावापासून गुंडापर्यंत गेले. दोन्हीकडच्या थोरल्या भावांनी यावर विचार करावा.

नाशिकहून:

फॉर्ममध्ये गॅसलाइटिंग नाही? हल्ली सगळीकडे तोच शब्द. पॅट्रिक हॅमिल्टनच्या 1938 च्या नाटकावरून तो आला. नवरा वरच्या मजल्यावर चोरून दिवे लावतो, तेव्हा खालचा गॅसचा दिवा मंद होतो. बायकोला ते दिसतं आणि तो मात्र तिला पटवत राहतो की तुझंच डोकं फिरतंय. 1944 च्या चित्रपटात ती बायको इन्ग्रिड बर्गमन होती. मराठीत नवा शब्द घडवत बसू नका. ‘वेड्यात काढणे’ तयार आहे आणि इथे तो शब्दशः लागू पडतो.

लंडनहून:

इथे कंट्रोलिंग हा आता नुसता टोमणा नाही, गुन्हा आहे. 2015 च्या सिरीयस क्राइम ॲक्टच्या कलम 76 खाली इंग्लंड आणि वेल्समध्ये जोडीदारावर किंवा घरच्या माणसावर सतत असा पहारा ठेवला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हात उगारलेला नसला तरी. भारतातल्या 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातही आर्थिक छळ आहेच. तुमच्या बाईंचं ‘मारत नाही हो’ ऐकून त्यांची चौकट रिकामी सोडू नका.

डोंबिवलीहून:

कंट्रोलचं मूळ सांगायचं राहिलंच, आणि तेच तुमच्या कामाचं आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘कोंत्र-रोल’ म्हणजे प्रतिवही. एकाने जमाखर्च लिहायचा आणि तो ताडून बघायला दुसऱ्याने तसाच दुसरा कागद राखायचा. भारताच्या ‘कॅग’मधले कॉम्प्ट्रोलर त्याच वहीचे वारस. म्हणून कंट्रोल करणं म्हणजे मुळात ओरडणं नाही की मारणं नाही, दुसऱ्याच्या हिशेबावर आपला हिशेब ठेवणं. तुमच्या बाईंचा नवरा कोथिंबिरीची वही लिहितो, तो या शब्दाचा अगदी मुळाबरहुकूम अर्थ जगतोय.

ठाण्याहून:

वही! हे वाचून हातातला चहा तसाच राहिला. नागपूरकरांचं ऐकून विशेषणं सगळी काढली, ‘बॉसी’ तर पहिल्यांदा. आता बाईंच्या तोंडचीच वाक्यं आहेत: ‘बोलू देत नाही’, ‘वेड्यात काढतो’, ‘गोड बोलून हवं ते करून घेतो’. कंट्रोलिंगपाशी मात्र रिकामी जागा ठेवली होती. आज त्या बाई पुन्हा आल्या, तर त्यांनाच विचारलं, “तुम्ही याला काय म्हणाल?” त्यांना विचार करावा लागला नाही. “तो म्हणतोच ना रोज, हिशेबात राहायचं.”

चौकटीत लिहिलंय: ‘मला हिशेबात राहावं लागतं.’