नक्कल केलेला मजकूर आधी काढावा, की आधी चर्चा करावी?

धरमपेठकर
विदर्भातील एका किल्ल्याविषयीच्या मराठी विकिपीडियावरील लेखावरून वाद पेटला आहे. नागपुरातील कार्यशाळेत शिकलेल्या एका नव्या सदस्याने त्यात काही परिच्छेद घातले. ते अलीकडच्या एका पुस्तकातून जसेच्या तसे उतरवलेले आहेत हे दिसताच दुसऱ्या सदस्याने ते काढले, पहिल्याने परत घातले, आणि आता चर्चा पानावर कौल घेण्याची मागणी होत आहे. माझ्या मते या प्रश्नावर कौल घेताच येत नाही. आपण संपादन जतन करतो तेव्हा आपला मजकूर मुक्त परवान्याखाली देतो, म्हणजे कोणीही श्रेय देऊन तो वापरावा, बदलावा, विकावासुद्धा. आणि जे आपले नाही ते असे देऊन टाकण्याचा अधिकार बहुमतालाही नाही. तळटीपेत पुस्तकाचे नाव दिल्याने माहितीला आधार मिळतो, परवानगी मिळत नाही. भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे प्रताधिकार (कॉपीराइट) टिकतो. सावनेरला १९१९ मध्ये निवर्तलेल्या राम गणेश गडकऱ्यांची नाटके आज कोणीही पूर्ण उतरवू शकतो. २००३ मध्ये गेलेल्या सुरेश भटांच्या गझला मात्र २०६३ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत, त्या नागपूरकरांना कितीही तोंडपाठ असल्या तरी. म्हणून आधी काढा, मग बोला.

महालकर
कायद्याबद्दल दुमत नाही, पद्धतीला मात्र माझा ठाम विरोध आहे. काढलेल्या परिच्छेदांत किल्ल्याच्या बांधणीचा काळ होता, तेथील शिलालेखाची माहिती होती, तळ्यांची नावे होती. ही तथ्ये कोणाच्याही मालकीची नसतात, प्रताधिकार असतो तो मांडणीवर. मांडणीबरोबर तथ्येही गेली आणि संपादन सारांशात, म्हणजे बदलासोबत लिहायच्या छोट्या टिपेत, 'प्रताधिकारभंग' एवढा एकच शब्द उरला. रामटेक-काटोलकडून आलेल्या ज्या मुलांनी शाळेपासून पुस्तकातून उतरवून प्रकल्प केले, त्यांना या एका शब्दातून काय कळणार? इंग्रजी विकिपीडियावर संशयास्पद मजकूर सूचनेच्या साच्याआड (ठरावीक सूचनाफलकाआड) झाकतात आणि उपपानावर नव्याने लिहिण्यास साधारण आठवडाभर वाव देतात. आपल्याकडे विदर्भावर लिहिणारे हात आधीच थोडे आहेत. ते असे दुखावून कसे चालेल?

सिव्हिल लाइन्सवरून
झाकण्याला माझी हरकत नाही, पण तेवढ्याने काम भागत नाही, कारण पानाच्या इतिहासात जुनी आवृत्ती सर्वांना दिसत राहते. ती प्रचालकांनाच (विशेष अधिकार असलेल्या सदस्यांनाच) लपवावी लागते. दुसरे म्हणजे, 'नव्याने लिहिणे' याचा अर्थ पुष्कळांनी 'बांधला'च्या जागी 'उभारला' घालणे असा घेतला आहे. वाक्यांचा क्रम, तपशिलांची निवड आणि युक्तिवाद तोच राहिला, तर ती नक्कलच होय. पुस्तक मिटून, दोन-तीन साधने समोर ठेवून लिहावे. रसेल यांनी संपादित केलेले १९०८ चे नागपूर जिल्हा गॅझेटियर केव्हाच प्रताधिकारमुक्त झाले आहे. त्यातून थेट भाषांतरही करता येईल. मात्र कोणी अलीकडे केलेले भाषांतर उचलाल, तर त्यावर त्या भाषांतरकाराचा स्वतंत्र हक्क असतो. छायाचित्रांचा घोळही याच जातीचा आहे: दीक्षाभूमीच्या स्तूपाचे आपण स्वतः काढलेले छायाचित्र देण्यास कायद्याची आडकाठी नाही, वृत्तपत्रातून घेतलेले देण्यास आहे.

सीताबर्डीकर
धरमपेठकरांचे 'आधी काढा' हे सूत्र मला भलतीकडे पसरताना दिसते, म्हणून लिहितो. नागपुरातील झीरो माईलच्या दगडासारख्या विषयावर एकाने 'हा भारताचा भौगोलिक मध्य' असे लिहायचे आणि दुसऱ्याने ते पुसायचे, हा आशयाचा वाद आहे. तिथे प्रताधिकाराचा धाक दाखवून पुसता येणार नाही. तो दगड सर्वेक्षणाच्या कामाचा, आणि देशाच्या सीमा १९४७ मध्ये बदलल्या. तेव्हा 'असे मानले जाते' यावर न थांबता कोण मानते, कोणत्या आधारावर मानते आणि विरोधी मत कोणाचे, हे लिहिले की दोन्ही पक्षांना लेखात जागा मिळते. चोवीस तासांत इतरांचे बदल तीनहून अधिक वेळा उलटवू नयेत, हा इंग्रजी विकिपीडियावरचा नियम याच वादांसाठी आहे. उघड प्रताधिकारभंग काढणाऱ्याला त्यातून सूट मिळते, आणि नेमकी तीच सूट ओढूनताणून वापरली जाते.

धरमपेठकर
सीताबर्डीकरांनी आखलेली ही सीमा मला पूर्ण मान्य आहे. माझे सूत्र केवळ सिद्ध झालेल्या नकलेपुरते आहे, आणि ती सिद्ध करण्याची जबाबदारी काढणाऱ्याची. मूळ पुस्तकाचे पान आणि लेखातील परिच्छेद त्याने चर्चा पानावर शेजारी-शेजारी दाखवावेत. परंतु महालकर, झाकलेला मजकूर आठवडाभर ठेवण्याने मूळ लेखकाला काय मिळते, ते सांगा. विदर्भावर वर्षानुवर्षे गावोगाव हिंडून ज्याने हे पुस्तक लिहिले, तोही आपलाच माणूस आहे.

महालकर
त्या लेखकाबद्दल मलाही आदर आहे, म्हणूनच त्याच्या संशोधनाचा उल्लेख लेखातून पुसला जाऊ नये असे वाटते. मजकूर काढा, पण पुस्तकाचा संदर्भ आणि तथ्ये दोन ओळींत तिथेच ठेवा, आणि त्या नव्या सदस्याच्या चर्चा पानावर काय चुकले व पुढे काय करावे हे काढणाऱ्यानेच त्याच दिवशी लिहावे. इतके करण्याची ज्याची तयारी नाही, त्याने काढण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे.